हिवाळ्यात गोदाकाठी पक्षी बघायचे आणि फोटो काढायचे तर

थंडी पडली की नाशिकचे निम्मे कॅमेरे निफाडकडच्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याच्या रस्त्याला लागतात. जावं की, नाही कोण म्हणतंय, २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर ठिकाण, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालंय ते, पण सुरुवात तिथून करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे पक्षी हजारोंनी असतात पण बरेचसे लांब पाण्याच्या मधोमध, आणि नवीन माणूस पाचशे बदकांच्या पाचशे ठिपक्यांचा फोटो घेऊन घरी येतो. त्यापेक्षा घराजवळचा गोदावरीचा एकच तुकडा पकडा, गंगापूर रोडला राहत असाल तर सोमेश्वर, आनंदवल्ली, बापू पूल हा पट्टा, पंचवटीकडचे असाल तर तपोवन, आणि हिवाळाभर तिथेच जात राहा. करडा धोबी, म्हणजे पाण्याकाठी सतत शेपटी हलवणारा छोटा पक्षी, हिवाळ्यात पाण्याचा आपला तुकडा राखून असतो, दुसरा आला तर हाकलून लावतो, म्हणजे आज ज्या दगडावर दिसला तिथेच उद्या परवा दिसायची शक्यता भरपूर. मग त्याच्या मागे पळायची गरजच राहत नाही, आपण आधी जाऊन बसायचं.

सीझनचं म्हणाल तर धोबी सप्टेंबरपासूनच यायला लागतात, ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह येईपर्यंत बरीच मंडळी पोचलेली असतात आणि खरी मजा डिसेंबर ते फेब्रुवारी. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या आसपास उगवतो, त्यामुळे पहाटे पाचचा अलार्म लावून अंधारात नदीवर जाऊन कुडकुडत बसण्यात काही अर्थ नाही, पावणेसातला पोचलात तरी चालतं. आणि अंधारात न जाण्याचं दुसरं कारण म्हणजे बिबट्या. मखमलाबाद, गंगापूर या बाजूला मळे आणि झाडी आहे, बिबट्या दिसल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, तेव्हा नीट उजाडल्याशिवाय झुडपात शिरू नका आणि शक्यतो दोघं जा, गप्पा मात्र कमी मारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कोणी सांगत नाही कारण सगळे लेन्सबद्दलच बोलत बसतात. कुठल्या काठावर उभं राहायचं? हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला उगवतो आणि दिवसभर दक्षिणेकडूनच खालून खालून जातो, दुपारी बारालाही डोक्यावर येत नाही. सोमेश्वरपासून बापू पुलापर्यंत नदी ढोबळमानाने पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. म्हणजे गंगापूर रोडच्या बाजूच्या, दक्षिणेकडच्या काठावर बसलात तर सूर्य तुमच्या पाठीमागे किंवा खांद्यावर, आणि समोरच्या पक्ष्याच्या अंगावर छान सोनेरी ऊन. समोरच्या मखमलाबादच्या काठावर जाऊन बसलात तर सगळा हिवाळा काळ्या सावल्यांचे फोटो काढाल. रामकुंडाजवळ नदी दक्षिणेकडे वळते, तिथे हिशोब बदलतो, सकाळी पूर्वेच्या म्हणजे पंचवटीच्या काठावरून पश्चिमेकडे बघायचं आणि संध्याकाळी उलट. हे एवढं जरी केलं तरी जुन्या कॅमेऱ्याचे फोटोही एकदम सुधारतात, खोटं वाटत असेल तर एकाच सकाळी दोन्ही काठांवरून एकाच बगळ्याचा फोटो काढून बघा.

उजेड चांगला असतो तो साधारण साडेनऊपर्यंत. दहानंतर पाण्यावरची हवा तापून थरथरायला लागते आणि लांबच्या लेन्सने काढलेला फोटो कितीही नीट फोकस करा, मऊ मऊच येतो, लोकांना वाटतं लेन्सच खराब निघाली. तेव्हा सरळ मिसळ खायला जा. परत यायचं तर चार साडेचारनंतर.

जागा ठरली की बसायचं. खरंच खाली बसायचं, घाटाच्या शेवटच्या पायरीवर नाहीतर खडकावर, कारण उभ्याने खाली कॅमेरा रोखून काढलेल्या फोटोत पक्ष्याची पाठ आणि घाणेरडं पाणी येतं, आणि तोच कॅमेरा पाण्याच्या पातळीजवळ आणला की पक्ष्यामागचा पलीकडचा काठ धूसर होऊन पक्षी एकटा उठून दिसतो. जुनी पँट घाला, शेवाळावर घसरणार नाहीत असे बूट, आणि लाल-केशरी जर्किन घरी ठेवा. पहिली दहा पंधरा मिनिटं कॅमेरा मांडीवरच ठेवा. पक्षी एकदा उडून जातात, मग तुम्ही हलत नाही बघून परत येतात, आणि हा परत आलेला पक्षी जेवढा जवळ येतो तेवढं तुम्ही चालत जाऊन कधीच पोचणार नाही. चालतच गेलात तर सरळ त्याच्या रोखाने जाऊ नका, तिरकं तिरकं, थांबत थांबत, नजर दुसरीकडे. त्याने मान ताठ केली किंवा खाणं थांबवलं की तुम्ही जास्तच जवळ आलात, तिथेच थांबा.

कॅमेऱ्याचं थोडक्यात. ३०० मिलिमीटरपर्यंतची साधी झूम लेन्स सुरुवातीला पुरते, मोठा झूमवाला ब्रिज कॅमेरा (ज्याची लेन्स बदलत नाही तो) सेकंडहँड मिळाला तर तोही झकास, लाखाच्या घरातल्या लेन्सचा विचार दुसऱ्या तिसऱ्या हिवाळ्यात करा. बसलेल्या पक्ष्याला शटर १/५०० सेकंद, उडत्याला १/१६०० किंवा त्याहून फास्ट, आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) ऑटोवर सोडून वरची मर्यादा लावून टाका, फोकस डोळ्यावर. डोळा शार्प असेल तर बाकी थोडं हललेलं चालतं, उलटं चालत नाही. एक गोष्ट मात्र शिकाच, एक्स्पोजर कमी-जास्त करायचं बटण. पांढरा बगळा काळसर पाण्यावर असला की कॅमेरा फसतो आणि बगळा नुसता पांढरा डाग होतो, पिसांची रेघ दिसत नाही, तिथे उणे ०.७ ते १ करा. पाणकावळा मोकळ्या आभाळासमोर पंख पसरून बसला असेल तर उलट, अधिक १. ढगाळ सकाळी पांढऱ्या पक्ष्यांचे फोटो जास्त चांगले येतात, त्यामुळे ऊन नाही म्हणून गोधडीत पडून राहू नका.

कॅमेराच नसेल तर ८×४२ची, म्हणजे आठपट जवळ दाखवणारी दुर्बीण घ्या, १०×पेक्षा ती हातात कमी हलते, आणि दुर्बिणीच्या एका डोळ्याला मोबाईलचा कॅमेरा चिकटवून ओळखण्यापुरता फोटो निघतो. माझं तर म्हणणं आहे की पहिला एक महिना सगळ्यांनीच फक्त दुर्बीण न्यावी, पण हे कोणी ऐकत नाही.

कोण कोण दिसेल? धोब्यांपासून सुरू करा कारण ते सगळीकडे आहेत आणि त्यांच्यावर ओळखायचा हात बसतो. काळी पाठ, पांढरी ठसठशीत भुवई आणि आकाराने मोठा तो आपला बारमाही, उन्हाळ्यातही इथेच असतो. पाठ राखाडी, चेहरा पांढरा, छातीवर काळा डाग तो पांढरा धोबी, हा पाहुणा. पाठ राखाडी, शेपटीखाली पिवळं आणि शेपटी अंगाच्या मानाने नको एवढी लांब तो करडा धोबी, हा सोमेश्वरला खळखळत्या पाण्यातल्या खडकांवर शोधा, संथ पाण्याशी त्याचं फारसं जमत नाही. डोकंच पिवळं असेल किंवा पाठ हिरवट असेल तर ते आणखी वेगळे, ते चिखलात आणि ओल्या गवतात. सगळे शेपटी हलवतात त्यामुळे शेपटी हलवतो ही खूण धरू नका. तुतारीसुद्धा हलवते, ती पाण्याच्या कडेने तुरुतुरु चालत मागचा भाग सतत वरखाली करते, आणि छातीचा पांढरा रंग खांद्यापुढे वर चढलेला दिसला की सामान्य तुतारी पक्की. जास्त काळपट वाटली, आणि उडताना शेपटीच्या मुळाशी झगझगीत पांढरं दिसलं तर हिरवी तुतारी, ही भित्री असते, तुम्ही दिसायच्या आत ओरडत निघून जाते.

खंड्या तीन प्रकारचे. तपकिरी डोक्याचा मोठा खंड्या तारेवर बसलेला कुणालाही ओळखता येतो, तो कित्येकदा पाण्यापासून लांबही असतो. छोटा निळा-नारिंगी खंड्या पाण्यावर झुकलेल्या फांदीवर, बऱ्याचदा हातभर उंचीवरच, त्याची आधी बारीक शिट्टी ऐकू येते आणि मग निळी रेघ. जवळून फोटो मिळाला तर चोचीचा खालचा भाग बघा, तो नारिंगी असेल तर मादी. काळा-पांढरा कवड्या मात्र हवेत एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि मग सूर मारतो, आणि हा नवीन फोटोग्राफरवर मेहेरबान आहे कारण उडता पक्षी एका जागी थांबलेला दुसरा कुठे मिळणार, थांबला की बर्स्ट (सलग फोटो) मारा आणि सूर मारेपर्यंत बोट काढू नका.

टिबुकली बुडी मारते, तिच्या मागे कॅमेरा फिरवू नका, ती आत असतानाच काठाने दोन पावलं पुढे व्हा आणि वर आली की पुतळा. हळदी-कुंकू बदकाची चोच बघा, टोकाला पिवळी आणि बुडाशी लाल ठिपके. वंचक म्हणजे तो मातकट छोटा बगळा, उडाला की अचानक पांढराशुभ्र होतो आणि बरोबरच्या माणसाला वाटतं वेगळाच पक्षी उडाला. पाणवेलींचा हिरवा गालिचा असेल तिथे जांभळी पाणकोंबडी आणि वारकरी हे पाणपक्षी बघायचे, काठाच्या झुडपात शेपटी थरथरवणारा थिरथिरा.

आणि शेकाट्या. गुलाबी लांब काड्यांसारखे पाय, काळे पंख, फोटोत फार देखणा दिसतो, आरशासारख्या पाण्यात प्रतिबिंबासकट. पण हा सगळ्यात जास्त कुठे असतो, तर जिथे नाल्याचं पाणी नदीला मिळतं तिथे, कारण त्या गाळात किडे भरपूर. वास सहन होत असेल तर सगळ्यात चांगले फोटो तिथेच मिळतात हे खरं आहे. पण गर्दी वाढली म्हणून नदी सुधारली असं काही लोक लिहितात ते चूक, शेकाटे वाढले म्हणजे बऱ्याचदा सांडपाणी वाढलंय.

पाण्याची पातळी रोज बघत जा. वरून गंगापूर धरणातून पाणी सोडलं की खडक आणि चिखलाचे पट्टे बुडतात, तुताऱ्या आणि चिखले (चिखलात चरणारे छोटे पक्षी) गायब होतात, आणि पाणी उतरलं की पहिल्या दोन तीन दिवसांत उघड्या पडलेल्या ओल्या चिखलावर मेजवानी असते, तेव्हा ऑफिसला थोडा उशीर झाला तरी जाऊन याच. खडकावर बसला असाल आणि पाणी वाढतंय असं वाटलं तर सामान आवरायच्या आधी काठावर या.

ओळखायला मर्लिन अॅप चांगलंय, आवाजावरूनही नाव सुचवतं, पण ते सुचवतं, त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. त्यातला रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून पक्ष्याला जवळ बोलवायचा प्रकार मात्र करू नका, तो हद्दीत शत्रू घुसला समजून सगळं सोडून धावत येतो. शेव-कुरमुरे टाकूनही बोलवू नका. बघितलेले पक्षी आणि किती दिसले ते ईबर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाका, धोबी ५, टिबुकली २ एवढं पुरतं, दुर्मीळच हवं असं काही नाही.

संक्रांतीच्या आठवड्यात बॅगेत छोटी कात्री ठेवा. नायलॉन मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे तरी काठच्या झाडांना तो लटकलेला असतोच, आणि संध्याकाळी मुक्कामाला परतणारे बगळे त्यात अडकतात. खाली लोंबणारा हाताला येईल तेवढा कापून, गुंडाळून, कचऱ्यात टाका. पक्षी अडकलेला दिसला तर मांजा ओढू नका, पंखात आणखी रुततो, वनविभागाच्या १९२६ नंबरवर फोन लावा आणि कोणी येईपर्यंत कुत्र्यांना लांब ठेवा. सुटून हातात आलाच तर अंगावर रुमाल टाकून भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, तोंडात पाणी ओतू नका.

एवढं सगळं करून हात बसला की मग जानेवारीत नांदूर मध्यमेश्वरला जा, निफाडच्या थंडीत, हातमोजे घेऊन. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, नशीब असेल तर क्रौंच, आणि बदकांचा अख्खा थवा एकदम उठला तर वर बघा, दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालत असेल. तिथे स्थानिक गाईड घ्या, त्यांच्याकडे टेलिस्कोप असतो आणि आज कुठला थवा कुठे उतरलाय हे त्यांनाच माहीत असतं.

मार्च लागला म्हणून कॅमेरा ठेवून देऊ नका. परत जायच्या आधी धोब्यांना नवी पिसं येतात, डिसेंबरात फिकट दिसणारा पिवळा धोबी तेव्हा लिंबासारखा झळकतो, आणि सावर-पळसाच्या फुलांवर भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) थवे पडलेले असतात. फक्त मार्चअखेर साडेसहाच्या आधीच सूर्य वर येतो आणि ऊनही लवकर कडक होतं, तेव्हा अलार्म अर्धा तास आधीचा लावा.