नेम रिॲक्शनमधली आडवी रेघ

रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.च्या पहिल्याच व्हायव्यात मला क्लायझन विचारली, म्हणजे शोधणाऱ्याच्या नावानं ओळखली जाणारी एक अभिक्रिया, नेम रिॲक्शन. दोन एस्टर, सोडियम इथॉक्साइड, बीटा-कीटो एस्टर. मी फळा भरून टाकला. "आणि दुसरी?" परीक्षकांनी विचारलं. दुसरीही असते हेच मला ठाऊक नव्हतं! लुडविग क्लायझनच्या नावावर 1887 चं कंडेन्सेशन (दोन रेणू जोडणं) आहे आणि 1912 ची रिअरेंजमेंटही (रेणूची अंतर्गत फेरमांडणी). तीत ॲलिल फिनाइल ईथर तापवला की ऑर्थो-ॲलिलफिनॉल मिळतं.

संध्याकाळी नागपूरच्या बर्डीवर तर्री-पोहे खाताना पीएच.डी. करणारा सीनियर म्हणाला, "काहून तोंड पाडून बसला बे? नावं घोकू नको. दोन नावांमधली आडवी रेघ वाच."

तेव्हापासून वहीत प्रत्येक नावापुढे एक ओळ लिहू लागलो: ही माणसं एकमेकांची कोण? फ्रीडेल-क्राफ्ट्स, 1877, खरोखरचे सहकारी. वुल्फ-किश्नर मात्र वेगवेगळे: किश्नर 1911 मध्ये, वुल्फ 1912 मध्ये, दोघं आपापल्या वाटेनं हायड्राझीन हे रसायन वापरण्यापाशी पोचले. बेकर-वेंकटरामन तसेच, एक इंग्लंडात, दुसरे लाहोरात. हेच वेंकटरामन पुढे पुण्याच्या एनसीएलचे (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे) पहिले भारतीय संचालक झाले. सिलॅबसमध्ये आपल्याकडचं नाव दिसलं की बरं वाटतं, खोटं कशाला बोलू?

रेघ नसते तिथं आणखी गंमत. हुन्सडिकर हे आडनाव एक, माणसं दोन: क्लेअर आणि हाइन्ट्स, नवरा-बायको. त्यात सिल्व्हर सॉल्टवर ब्रोमीनची ही अभिक्रिया बोरोदिननं 1861 मध्येच केली होती. तोच बोरोदिन, संगीतकार.

ग्रिन्यार अभिक्रियेवर मात्र थांबा, कारण परीक्षेत हमखास येते. ग्रिन्यारचे गुरू बार्बिए यांनी 1899 मध्ये जस्ताऐवजी मॅग्नेशियम घेतलं, पण सगळं एकाच भांड्यात एकदम टाकलं. शिष्यानं 1900 मध्ये कोरड्या ईथरात आधी मॅग्नेशियमचा अभिकर्मक (पुढची अभिक्रिया घडवणारं रसायन) बनवला, कार्बोनिल संयुग नंतर घातलं. एवढी एक पायरी वेगळी काढली आणि 1912 चं नोबेल मिळालं. बार्बिएंच्या नावानं एकाच भांड्यातली पद्धत राहिली. दोन्ही शेजारी-शेजारी लिहा, पुन्हा विसरणार नाही.

ग्रिन्यारच्या प्रॅक्टिकलला मात्र आपलं नागपूर आडवं येतं. ईथर 35 अंशांच्या आतच उकळतो, मेमध्ये तो बाटलीतूनच उडतो. पावसाळ्यात ओलाव्यानं मॅग्नेशियम ढिम्म हलत नाही, आयोडीनचा खडा टाकूनही. करायचीच तर डिसेंबरात करा.