गाणे देण्याआधी कागद: मराठवाड्यातील कलावंतांनी कॉपीराइटचा करार कसा करावा

मराठवाड्यात गीतकार, गायक, लग्नाचे छायाचित्रकार, बॅनरचे डिझायनर आणि लघुपट करणारी तरुण मंडळी यांचे बहुतेक व्यवहार आजही तोंडी ठरतात. भीमजयंतीच्या आधी नांदेडच्या एखाद्या स्टुडिओत गाणे ध्वनिमुद्रित होते, गीतकाराच्या हाती ठरलेली रक्कम पडते आणि गाणे चॅनेलवर जाते. त्यावर पुढे कोणाचा किती हक्क उरला, हा प्रश्न गाणे गाजल्यावरच निघतो. 1957 चा कॉपीराइट कायदा, विशेषतः 2012 च्या दुरुस्तीनंतर, निर्मात्याला बरेच संरक्षण देतो, पण ते वापरायचे तर हातात कागद हवा. म्हणून माझ्या मते नोंदणीच्या आधी करारपत्राकडे लक्ष द्यावे.

नोंदणी सक्तीची नाही. कलाकृती लिहिली, रेखाटली किंवा ध्वनिमुद्रित केली की हक्क आपोआप निर्माण होतो. मात्र नुसत्या कल्पनेला संरक्षण नसते, तिच्या मांडणीला असते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये नाटककार आर. जी. आनंद यांच्या खटल्यात स्पष्ट केले. ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाची गोष्ट कोणीही सांगू शकतो. तुमची संहिता आणि तुमचे संवाद कोणालाही उचलता येत नाहीत. नोंदणी करायचीच असेल, तर साहित्य किंवा संगीतकृतीसाठी 500 रुपये शुल्क भरून कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावरून अर्ज करता येतो. त्यानंतर हरकतींसाठी 30 दिवस थांबावे लागते आणि झालेली नोंद न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा ठरते. स्वतःच्याच पत्त्यावर बंद पाकीट पाठवून ठेवण्याची जी युक्ती सांगितली जाते, तिला कायद्यात काही स्थान नाही. त्यापेक्षा मूळ फाइल, कच्चे खर्डे आणि तारखेसह ईमेल जपून ठेवावेत.

करार लिहिण्यापूर्वी पहिला मालक कोण, हे तपासावे, कारण येथे अनेकांचा अंदाज चुकतो. पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ते काढून घेणारा ग्राहक असतो. त्यामुळे लातूरच्या छायाचित्रकाराला वधूवरांचे फोटो आपल्या जाहिरातीत वापरायचे असतील, तर बुकिंगच्या पावतीवरच तशी संमती लिहून घेणे शहाणपणाचे. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा मालक सामान्यतः नोकरी देणारा असतो. वृत्तपत्रातील नोकरीत लिहिलेल्या मजकुराचा मात्र नियतकालिकात छापण्यापुरताच हक्क मालकाकडे जातो आणि पुस्तक करण्याचा हक्क, वेगळे ठरले नसेल तर, पत्रकाराकडेच राहतो.

आता प्रत्यक्ष करारपत्र. हक्काचे हस्तांतरण लेखी आणि देणाऱ्याच्या सहीनेच वैध ठरते. त्यात कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि किती मोबदला हे सर्व लिहिलेले असावे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो, आणि घेणाऱ्याने एका वर्षात हक्क वापरला नाही तर, करारात वेगळे म्हटले नसेल तेव्हा, त्या हक्काचे हस्तांतरण संपुष्टात येते. हे नियम कोऱ्या जागेपुरते आहेत. ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ असे छापील वाक्य आले की त्यांचा आधार बराचसा जातो, म्हणून सही करण्याआधी नेमके तेच वाक्य शोधावे. शक्य असेल तेथे हस्तांतरण टाळून परवाना द्यावा. त्यासाठी साधी भाषा पुरते: ‘हे गीत ध्वनिमुद्रित करून आपल्या चॅनेलवर प्रसारित करण्याचा परवाना तीन वर्षांसाठी देत आहे, पुस्तकात छापण्याचा, चित्रपटात वापरण्याचा व अनुवादाचा हक्क माझ्याकडे राहील.’

गीतकार आणि संगीतकारांनी आणखी एक तरतूद ध्यानात ठेवावी. ध्वनिमुद्रणात वापरल्या गेलेल्या गीताच्या किंवा संगीताच्या पुढील वापरातून येणाऱ्या रॉयल्टीचा, म्हणजे वापरापोटी मिळणाऱ्या मोबदल्याचा, हक्क घेणाऱ्याच्या बरोबरीचा वाटा त्यांना सोडून देताच येत नाही; तो वारसांना किंवा सदस्यांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणाऱ्या कॉपीराइट संस्थेलाच देता येतो आणि याविरुद्ध केलेला करार निरर्थक ठरतो. ‘एकरकमी पैसे घेतले, आता काही मागणार नाही’ असे लिहून दिले असले तरी हा वाटा बुडत नाही. तो वसूल करण्यासाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी या कॉपीराइट संस्थेचे सदस्यत्व घेता येते. गायकाचा हक्क वेगळा असून तो 50 वर्षे टिकतो.

दुसऱ्याचे साहित्य वापरतानाही हीच काळजी घ्यावी. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षे हक्क चालतो, परभणीचे बी. रघुनाथ 1953 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेले लेखन 2014 च्या प्रारंभापासून सर्वांसाठी खुले झाले. गंगाखेडच्या जनाबाईंचे अभंग तर केव्हाच खुले आहेत, परंतु त्यांना आज लावलेली चाल आणि आजचे ध्वनिमुद्रण यांवर संबंधितांचा हक्क असतो. लग्नाच्या वरातीत गाणी वाजवण्यास कायद्याने सूट आहे. तेच चित्रपटगीत लग्नाच्या व्हिडिओत घालून इंटरनेटवर टाकण्याला ती सूट लागू होते असे मानू नये.

हक्क विकल्यानंतरही कृतीवर आपले नाव असण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधक अशी मोडतोड रोखण्याचा अधिकार निर्मात्याकडे राहतो. तो डावलला गेला किंवा कृती चोरली गेली, तर प्रथम स्क्रीनशॉट, दुवे आणि तारखा नोंदवून ठेवाव्यात, मग संबंधित ऑनलाइन व्यासपीठाकडे तक्रार करावी आणि त्यानंतर वकिलामार्फत नोटीस द्यावी. जाणीवपूर्वक केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50 हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. दिवाणी दावा कलावंताला स्वतः राहतो त्या भागातील जिल्हा न्यायालयातही करता येतो. हिंगोलीच्या माणसाला त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. मात्र हाती काही नसताना धमकीच्या नोटिसा पाठवू नयेत, कारण निराधार धमकीविरुद्ध समोरच्यालाही दावा लावून भरपाई मागता येते.