क्युबिक स्प्लाइन: सांध्यावर आणि टोकाला होणाऱ्या या चुका टाळा

क्युबिक स्प्लाइन म्हणजे दिलेल्या बिंदूंतून जाणारा, तिसऱ्या घाताच्या बहुपदींचे तुकडे सांध्यांवर (मधल्या बिंदूंवर) गुळगुळीत जोडून केलेला वक्र. य = क्ष² या वक्रावरचे तीन बिंदू घ्या: (०, ०), (१, १), (२, ४). त्यांतून नॅचरल स्प्लाइन काढा आणि ०.५ वरची किंमत बघा. येते ०.३१२५, हवी होती ०.२५. कोड बरोबर आहे, चुकलीय ती टोकाची अट. नॅचरल स्प्लाइन दोन्ही टोकांना दुसरा डेरिव्हेटिव्ह शून्य धरते. इथे तो सगळीकडे २ आहे. टोकाला दाबलं की मध्ये फुगतं, १ वर तो ३ होऊन बसतो. 'नॅचरल' हे नाव लवचीक पट्टीवरून आलंय: शेवटच्या टेकूपुढे पट्टी मोकळी, म्हणून सरळ. तुमच्या डेटाला असं काही बंधन नसतं. साधा पॅराबोलाही जिला जमत नाही, ती मी तरी डोळे झाकून वापरत नाही.

मुळात निवड करावी लागते कारण अटी कमी पडतात. दोन तुकडे म्हणजे ८ सहगुणक. बिंदूंतून जाण्याच्या अटी ४, मधल्या सांध्यावर पहिला आणि दुसरा डेरिव्हेटिव्ह जुळण्याच्या २. उरलेल्या २ तुम्ही द्यायच्या. टोकाचे उतार माहीत असतील तर ते देऊन काढलेली क्लॅम्प्ड, नसतील तर नॉट-अ-नॉट (टोकांजवळच्या सांध्यांवर तिसरा डेरिव्हेटिव्हही जुळवणारी). मॅटलॅब आणि सायपाय ही गणिती सॉफ्टवेअरं काही न सांगितल्यास नॉट-अ-नॉटच धरतात. वहीतलं नॅचरल उत्तर त्यांच्याशी जुळत नाही ते त्यामुळेच.

स्वतः कोड लिहिणारे हमखास अडकतात ते असमान अंतरांवर. प्रत्येक तुकडा ० ते १ मध्ये बसवायचा आणि त्याच मापातले डेरिव्हेटिव्ह जुळवायचे, हे सारख्या अंतरांवर खपून जातं. डावा तुकडा १ रुंदीचा आणि उजवा २ चा असला, की उजवीकडचा खरा उतार निम्माच भरतो आणि आलेखाला कोपरा येतो. पहिला डेरिव्हेटिव्ह रुंदीने, दुसरा रुंदीच्या वर्गाने भागा, मग जुळवा.

तिसरा डेरिव्हेटिव्ह मात्र, तो मुद्दाम जुळवला नसेल तर, सांध्यावर सहसा उडी मारतो. वरच्या उदाहरणात तो ३ वरून थेट −३ होतो. तिथे बग शोधत बसू नका.

आणि जूनपासूनच्या एकूण पावसावर क्युबिक स्प्लाइन लावू नका. मुसळधार आठवड्यानंतर कोरडा आठवडा आला की वक्र आधी वर जाऊन मग खाली उतरू शकतो. पडलेला पाऊस काही परत ढगात जात नाही. तिथे फ्रिट्श आणि कार्लसन यांच्या १९८० च्या कामावर बेतलेली पीचिप (PCHIP, तुकड्यातुकड्यांनी क्युबिक वक्र काढण्याची दुसरी पद्धत) बरी. ती दुसऱ्या डेरिव्हेटिव्हचं सातत्य सोडते, पण चढता डेटा चढताच ठेवते.