माळवदाचं घर भूकंपासाठी सावरताना

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3.56 ला किल्लारीत 6.2 तीव्रतेचा धक्का बसला. सगळ्यात जास्त माणसं दगडमातीच्या घरांखाली गेली. तसली घरं मराठवाड्यात अजून उभी आहेत आणि त्यांत माणसं राहतात. ती पाडून नवी बांधणं सगळ्यांना जमणारं नाही, पण सावरता येतात. काम दिवाळीनंतर काढावं. एप्रिलपर्यंत लांबलं तर सिमेंटवर मारायला पाणी मिळत नाही.

सुरुवात माळवदापासून, म्हणजे लाकडी तुळयांवर माती पसरलेल्या सपाट छतापासून. दरवर्षी मृगाआधी गळती थांबावी म्हणून पांढऱ्या मातीचा नवा थर पडतो, जुना कुणी खरवडत नाही. चाळीस-पन्नास वर्षांत थर दीड-दोन फुटांवर जातो. हिशेब करा : सुकी माती घनफुटाला 45 किलोच्या आसपास भरते. 10 बाय 12 ची खोली आणि दीड फूट थर, म्हणजे 180 घनफूट, आठ टनांवर वजन. पावसात भिजली की आणखी.

हा थर 8 इंचांवर आणायचा. वजन साडेतीन-चार टनांवर येतं. आधी खालून तुळयांना टेकू द्यावेत. कुजलेल्या किंवा वाळवी लागलेल्या तुळया त्याच वेळी बदलाव्यात. माती दोन्ही बाजूंनी सारखी उतरवावी. एका कडेला ढीग केला तर त्या बाजूची भिंत ओझ्यानं बाहेर कलते. 8 इंचांतला निम्मा थर दाबून झाला की पन्हाळाकडे उतार ठेवून जाड प्लास्टिकचा कागद अंथरावा, जोडाला एक फूट एकावर एक. वर उरलेली माती. गळती थांबली तरच पुढच्या वर्षी कुणी माती चढवणार नाही, म्हणून कागदात कंजुषी नको.

माती काढून त्याच भिंतींवर स्लॅब टाकणारे पुष्कळ आहेत. तसं करू नका. चिखलात रचलेली भिंत हादऱ्यात सुटते आणि अख्खा स्लॅब खाली बसतो.

आता भिंत. बाहेरून ती दोन फुटी, एकसंध दिसते. प्रत्यक्षात दोन पडद्या असतात आणि मध्ये चिपा-माती भरलेली. दोन्ही पडद्यांना जोडणारे आरपार दगड बहुतेक घरांत नसतातच. म्हणून हादरा बसला की एक पडदी आत, एक बाहेर ढासळते. ओळंबा (वजन बांधलेली दोरी) सोडून पाहा : मधेच भिंतीला पोट आलं असेल तर पडद्या सुटायला लागल्यात. तेवढा भाग टेकू देऊन उतरवावा आणि पुन्हा रचावा. वरून सिमेंटचा गिलावा केला की घर मजबूत झालं, हा समज खोटा. गिलावा फक्त पोट झाकतो.

बाकीच्या भिंतीला टाके घालावेत. दगडाभोवतीची माती सळईनं कोरून दगड हलकेच काढायचा. घणाचा घाव घातला तर शेजारचे दगडही सैल होतात. तीन इंचांचं आरपार भोक करावं, दोन्ही तोंडांशी रुंद, मधे बारीक, डमरूसारखं. भोक ओलं करून निम्मं काँक्रीट (सिमेंट 1, वाळू 2, खडी 4) भरावं. त्यावर दोन्ही टोकांना आकडा वळवलेली 8 मिलिमीटरची सळई ठेवावी, भिंतीच्या जाडीपेक्षा दोन इंच आखूड, म्हणजे टोकं उघडी पडून गंजत नाहीत. मग भोक पूर्ण भरायचं. दहा दिवस पाणी मारावं. टाके तीन-सव्वातीन फुटांवर, खालच्या-वरच्या ओळी एकाआड एक. शेजारची दोन भोकं एकाच दिवशी उघडू नयेत.

शेवटी पट्टा. छताच्या खाली आणि दारांच्या वर, आतून-बाहेरून, दहा इंच रुंद गॅल्व्हनाइज्ड वेल्डेड जाळी लांब खिळ्यांनी ठोकून 1:3 गिलाव्यात (सिमेंट 1, वाळू 3) बसवावी. कोपऱ्यावर जाळी तोडायची नाही, वळवायची. कोपराच सगळ्यात आधी उघडतो.

पत्र्याच्या घरांचा धोका वेगळा आहे. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून पत्र्यांवर दगड ठेवतात, आणि हादऱ्यात तेच आत येतात. मार्च 2024 मध्ये हिंगोली-नांदेडकडे 4.5 चा धक्का बसला तेव्हा प्रशासनानंही ते काढायला सांगितलं होतं. दगडांऐवजी पत्रे जे-हुकांनी आडव्या पाइपांना आवळावेत.

घरात उतरंड आणि धान्याची कोठी दाराच्या वाटेवर नको; कोठी भिंतीला बांधावी. बाज दगडी भिंतीपासून हातभर दूर, दाराकडे तोंड करून. हादरा जाणवला आणि दार चार पावलांवर असेल तर बाहेर पडावं, पण बोळात थांबू नये. दोन्हीकडच्या भिंती तिथंच कोसळतात. मोकळं आवार किंवा शेत गाठावं. मागून येणारे धक्के लहान असले तरी सैल झालेली भिंत त्यांनीही पडते, म्हणून ओळंबा लावून पाहिल्याशिवाय आत झोपायला जाऊ नये.