मशीन घरी येण्याआधी: मुलाच्या सीपॅपची तयारी

सीपॅप म्हणजे झोपेत घशाची वाट मिटणाऱ्यांना नळी आणि मास्कमधून दाबाखाली हवा देणारं मशीन. ते आणायच्या निदान आठवडाभर आधी नुसता मास्क मागून घ्या. आमच्याकडे दोन्ही एकाच संध्याकाळी आलं, त्याच रात्री आम्ही मास्क मुलीच्या नाकावर चढवायला गेलो आणि पुढचे तीन आठवडे नुसते पट्टे दिसले तरी ती पलंगाखाली जाऊन बसायची. पाच वर्षांची होती. म्हणून या यादीत मास्क सगळ्यात वर आहे आणि सगळ्यात जास्त जागाही तोच खाणार आहे.

सुरुवात दिवसा करा, खेळताना, नळी न जोडता. बाहुलीला लावा, बाबांना लावा, मग मुलाच्या नाकावर दोन मिनिटं. त्यात नवल उरलं नाही की पट्टे. त्यानंतर आवडतं कार्टून लावून कमी दाबाची हवा, आधी तळहातावर, मग गालावर, शेवटी नाकात. तोंड उघडलं की हवा भसकन तोंडातून बाहेर येते, मुलं खिदळतात. खिदळू द्या. मुलाने मास्क ओढून काढला तर न रागावता परत लावा, पाच आकडे मोजा आणि मग तुमच्या हाताने काढा. ओढला की सुटका होते, हे एकदा डोक्यात बसलं की निस्तरायला फार वेळ लागतो. आणि ‘दंगा केलास तर मास्क लावीन’ हे वाक्य घरात कुणाच्याही तोंडी येऊ देऊ नका, पाहुण्यांच्यासुद्धा.

माप घ्यायचं ते मूल आडवं असताना आणि मशीन चालू असताना. बसलेल्या मुलाला नेमका बसणारा मास्क झोपेत गाल सैल पडले की फुसफुसायला लागतो. अशा वेळी आपला हात आपोआप पट्ट्याकडे जातो. आवळू नका, जास्त आवळलं की मास्कची सिलिकॉनची कड चुरगळते आणि हवा आणखी सुटते. मास्क किंचित उचलून परत बसू द्या, पट्ट्याखाली बोट सहज जायला हवं. हवा डोळ्यांकडे येत असेल तर मात्र माप किंवा मास्कच बदलावा लागतो. मास्कवर बारीक भोकं दिसतील. उच्छ्वास तिथूनच बाहेर जातो, ती बुजवायची नसतात. सकाळी नाकाच्या हाडावर लालसर वळ दिसेल. दात घासून आवरून होईपर्यंत तो गेला पाहिजे. राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, कातडी फाटायची वाट पाहू नका.

नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मास्क दिला असेल तर एक प्रश्न डॉक्टरांना मुद्दाम विचारा: याला रात्री उलटी झाली आणि स्वतःच्या हाताने मास्क काढता आला नाही, तर आम्ही काय करायचं? उत्तर मिळाल्याशिवाय घरी नेऊ नका. काही मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाच्या कड्या असतात. मुलाच्या डोक्यात शंट (मेंदूतलं जादा पाणी वाहून नेणारी नळी) असेल, कानात कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी बसवलेलं उपकरण) असेल, किंवा शेजारी झोपणाऱ्या आजोबांना पेसमेकर असेल, तर हे आधीच सांगा.

घरातल्यांना काय सांगायचं याचीही तयारी लागते. ‘ऑक्सिजन लावलाय का पोराला?’ हे हमखास येतं. सीपॅपमधून येते ती खोलीतलीच हवा, फक्त दाबाखाली, म्हणजे झोपेत मिटणारी घशाची वाट उघडी राहते. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली ही पद्धत मांडली. ‘टॉन्सिल काढलेत ना, मग हे कशाला?’ हा दुसरा प्रश्न. बहुतेक मुलांचं टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड्स (नाकामागच्या गाठी) काढून भागतं. चेहऱ्याची ठेवण, डाउन सिंड्रोम, स्नायूंचा सैलपणा किंवा वजन यामुळे ज्यांचं भागत नाही, त्यांच्यासाठी मशीन.

मशीन पलंगापेक्षा खाली, पडद्यापासून दूर ठेवा. थंडीत रात्री तीनला नळी गुडगुडू लागते आणि मूल ओल्या नाकाने दचकून उठतं. ओलसर कोमट हवा थंड नळीत शिरली की तिचं पाणी होतं, एवढंच ते. मशीन खाली असेल तर ते पाणी मागे वाहतं, आणि नळीवर कापडी खोळ चढवली की बहुधा होतच नाही. ह्युमिडिफायरमध्ये, म्हणजे हवा ओलसर करणाऱ्या मशीनच्या पाण्याच्या भांड्यात, डिस्टिल्ड पाणी, रोज सकाळी ओतून रोज रात्री नवं. मास्कची कड रोज सौम्य साबणाने धुवा, फिल्टर माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे बदला.

वीज गेली तर? बॅटरीची चाचणी दिवसा घ्या, घड्याळ लावून. पाणी तापवण्यात बरीच वीज जाते, त्यामुळे बॅटरीवर असताना ह्युमिडिफायर बंद. मशीनच बंद पडलं तर मास्क लगेच काढायचा. हवेचा झोत नसताना मूल स्वतःचाच उच्छ्वास परत ओढत राहतं. हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला करून दाखवा.

सर्दीत नाक चोंदलं की मास्क नको वाटतो. सलाइनचे थेंब घरात असू द्या.

एक कागद मशीनजवळच चिकटवा. त्यावर मशीनचा प्रकार, दाब, मास्कचं नाव आणि माप. दात काढायला जरी भूल द्यायची असेल तरी भूलतज्ज्ञांना तो दाखवा आणि मशीन सोबत न्या. गुंगीच्या आणि अफूवर्गीय औषधांनी या मुलांचा श्वास लवकर मंदावतो. त्यातलंच एक, कोडीन, १२ वर्षांखालील मुलांना देऊ नये, असं अमेरिकी औषध नियामकाने २०१७ मध्ये जाहीर केलं आहे.

मोठ्यांच्या बाबतीत रात्री ४ तास वापर झाला की पुष्कळ ठिकाणी पुरेसा मानतात. तो आकडा मुलांना लावू नका. मूल जितका वेळ झोपतं तितका वेळ मशीन हवं, दुपारच्या झोपेतही. वर्षाच्या वहीत तपासणीच्या तारखा आत्ताच टाका, कारण मूल वाढतं, वजन बदलतं आणि गेल्या वर्षीचा दाब यंदा चुकीचा ठरू शकतो. दरवेळी चेहरा बाजूनेही बघायला सांगा. वर्षानुवर्षं मास्क दाबला गेला तर चेहऱ्याचा मधला भाग चपटा राहू शकतो. तसं दिसलं तर आलटूनपालटून वेगळ्या ठिकाणी टेकणारा मास्क देता येतो का, ते विचारा.

रात्रीच्या मुक्कामाची पिशवी वेगळी भरून ठेवा: जादा मास्क, फिल्टर, लांब वायर, कागदाची प्रत. मशीन हातातल्या सामानात. उचलण्याआधी पाण्याचं भांडं काढून रिकामं करा, तिरकं झालं की पाणी थेट मोटरमध्ये जातं.