एअर इंडियाच्या ७४७चं मॉडेल बनवताय? या चुका टाळा

पहिली चूक प्लास्टिक मॉडेलचं किट विकत घेतानाच होते. 'एअर इंडियाचं जम्बो करायचंय' एवढंच ठरवून आपण खोका उचलतो. पण कोणतं जम्बो? १९७१ साली मुंबईत आलेलं 'एम्परर अशोक' हे ७४७-२००. 'शिवाजी' आणि 'नरसिंहवर्मन' ही १९८८ची ७४७-३०० कॉम्बी, म्हणजे प्रवासी आणि माल दोन्ही नेणारी. १९९३पासून आलेली 'कोणार्क', 'अजंठा', 'आग्रा', 'वेल्हा गोवा' वगैरे ७४७-४००. म्हणून आधी विमानाचं नाव ठरवा, किट मग.

कारण सांगाडाच वेगळा आहे. २००चं कुबड, म्हणजे वरच्या मजल्याचा फुगवटा, आखूड, तर ३०० आणि ४००चं लांब. टोकाला वर वळलेले विंगलेट फक्त ४००ला. पंखांचा पसारा २००चा ५९.६ मीटर, ४००चा ६४.४. म्हणजे १:१४४ मापात ४१.४ आणि ४४.७ सेंटिमीटर, सव्वातीन सेंटिमीटरचा फरक. तो सँडपेपर मारून भरून निघत नाही. सहज मिळतं म्हणून ७४७-८चं किट तर मुळीच घेऊ नका. ते विमान एअर इंडियाकडे कधी नव्हतंच आणि त्याची लांबीही जास्त आहे.

इंजिनांकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. लुफ्तान्साच्या ४००ला जनरल इलेक्ट्रिकची इंजिनं, ब्रिटिश एअरवेजच्या ४००ला रोल्स-रॉइसची. एअर इंडियाच्या ४००ला मात्र प्रॅट अँड व्हिटनी होती. त्यामुळे खोक्यावर कोणत्या कंपनीचं चित्र आहे ते बघा आणि आतली इंजिनं तपासा. 'शिवाजी' करणार असाल तर उलट जनरल इलेक्ट्रिकचीच हवीत. शिवाय ते कॉम्बी असल्यामुळे डाव्या अंगाला, पंखामागे मालाचा मोठा दरवाजा असतो. किटमध्ये तो नसेल तर चौकट स्वतः कोरावी लागेल.

रंगसंगतीतली मोठी चूक काळाची. खिडक्यांभोवती रंगवलेले लाल झरोके ही या विमानाची ओळख. १९८९मध्ये बरंचसं पांढरं अंग आणि लाल शेपटीवर सोनेरी सूर्य अशी नवी रंगसंगती आली. लोकांना ती रुचली नाही आणि दोनेक वर्षांत जुनी परत आली. मग २००७मध्ये शेपटीवर हंस आला आणि झरोके थोडे लहान झाले. 'अशोक' १ जानेवारी १९७८च्या रात्री वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळलं, 'कनिष्क' २३ जून १९८५ला अटलांटिकवर स्फोटात नष्ट झालं. या दोन विमानांवर सूर्य किंवा हंस चिकटवलेला पाहिला की मला वाईट वाटतं. त्या विमानांत माणसं होती, निदान त्यांच्या काळाचे रंग तरी बरोबर असावेत.

रंगवताना आधी पांढरा, मग लाल. करड्या प्रायमरवर थेट लाल मारला तर तो मातकट दिसतो. लालाची कड आखायला लावलेल्या टेपखाली लाल झिरपत असेल तर टेप लावल्यावर तिच्या कडेवर पुन्हा पांढऱ्याचा पातळ हात द्या, तो वाळू द्या आणि मगच लाल मारा. झिरपलाच तर पांढराच झिरपेल. पंख एकाच करड्या रंगात उरकू नका. मधला पट्टा चंदेरी छटेचा असतो आणि पुढची कड उघड्या धातूची.

आता झरोके. इथे घाई केली की सगळं बिघडतं. ते डेकलवर, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील पट्टीवर, येतात. डेकलवरच्या खिडक्या आणि किटमधली भोकं जुळत नाहीत, हे जवळजवळ ठरलेलंच. भोकं पुटीने बुजवून घासून घ्या आणि डेकलवरच्याच खिडक्या ठेवा. अख्खी पट्टी एका दमात लावू नका. दरवाजांपाशी कापून तुकडे करा आणि प्रत्येक तुकडा दरवाजापासून लावत जा. खाली ग्लॉस कोट, म्हणजे चकचकीत वार्निशचा हात, हवाच, नाहीतर डेकलखाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. डाग आलाच तर बारीक सुईने टोचून डेकल मऊ करणाऱ्या सॉफ्टनरचा थेंब सोडा.

ग्लॉस कोटही दिवस बघून मारा. माझ्या 'शिवाजी'वर मी तो जुलैत, बाहेर पाऊस कोसळत असताना मारला आणि कुबडापासून शेपटीपर्यंत दुधाळ साय चढली. कोरड्या दिवशी नुसत्या थिनरचा हलका फवारा दिल्यावर ती बरीचशी गेली, पण पंखाच्या खोबणीत अजून दिसते.

मॉडेल चाकांवर उभं करणार असाल तर अंगाचे दोन भाग चिकटवण्याआधी नाकात वजन भरा, नाहीतर ते शेपटीवर बसेल.

देवनागरीतलं 'एअर इंडिया' सर्वांत शेवटी लावा. कोणत्या बाजूला कोणती लिपी, हे त्याच विमानाच्या, त्याच काळातल्या फोटोवरून ठरवा. डेकल ओलं असतानाच मॉडेल डोळ्यांच्या पातळीवर धरा आणि शिरोरेषा झरोक्यांच्या ओळीला समांतर आहे का ते पाहा. रोमन अक्षरांत खपून जाणारा तिरकेपणा शिरोरेषेत लगेच उघडा पडतो, आणि डेकल वाळेपर्यंत तेवढं सरळ करायला वेळ मिळतो.