गिझर कमी तापतो? आधी व्होल्ट आणि अँपिअर मोजा

थंडी सुरू झाली की "गिझर तापत नाही, कॉईल गेली वाटतं" असे फोन मला सुरू होतात. कॉईल गेली म्हणजे तुटली, मग पाणी अजिबात तापणार नाही. पाणी तापतंय पण वेळ खातंय, तर दुखणं बहुतेक वेळा दुसरीकडेच असतं. अशा वेळी नवी कॉईल बसवणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दुखणं कुठे आहे ते दोन आकड्यांतून कळतं: गिझर चालू असताना त्याच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज आणि त्याच क्षणी जाणारा करंट.

सूत्रं शाळेतलीच. व्होल्टेजला करंटने भागलं की रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, ओहममध्ये. व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे वॅट.

पहिला हिशेब मीटर न लावता, लेबलवरून. १५ लिटरच्या गिझरवर समजा २००० वॅट, २३० व्होल्ट असं लिहिलंय. २००० भागिले २३० म्हणजे ८.७ अँपिअर. २३० भागिले ८.७ म्हणजे २६.४ ओहम. हा २६.४ लक्षात ठेवा, कारण कॉईलचा खरा गुण तोच आहे. २००० वॅट हे फक्त २३० व्होल्टला मिळतात. व्होल्टेज उतरलं की वॅटही उतरतात, रोध मात्र जवळजवळ तोच राहतो.

आता मोजणी. हे चालू सप्लायवरचं काम आहे. हाताला सवय नसेल तर वायरमनकडून मोजून घ्या, हिशेब तुम्ही करा. एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पाडून गिझरचं टर्मिनल कव्हर काढायचं, टाकी भरलेली आहे ना ते पाहायचं, मगच सप्लाय द्यायचा. पाणी गार असताना, दिवा लागलेला असताना मोजायचं; पाणी तापून थर्मोस्टॅटने सप्लाय तोडला की करंट शून्यच दिसणार. टाँग टेस्टरचा, म्हणजे वायर न तोडता करंट मोजणाऱ्या चिमट्यासारख्या मीटरचा, जबडा एकट्या फेजच्या वायरीभोवती घाला. अख्खी केबल आत घेतली तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात आणि मीटर शून्य दाखवतो.

एका घरी मिळालेले आकडे सांगतो: टर्मिनलवर २०३ व्होल्ट, करंट ७.७ अँपिअर. २०३ भागिले ७.७, आले २६.४ ओहम. कॉईल ठणठणीत. पण २०३ गुणिले ७.७ म्हणजे साधारण १५६३ वॅट. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला २००० वॅटला १८ मिनिटं पुरतात, १५६३ ला २३ लागतात. तक्रार खरीच होती.

मग गिझर चालू ठेवूनच डीबीवर, म्हणजे एमसीबी असलेल्या घरच्या पेटीवर मोजलं: २१२ व्होल्ट. २३० पेक्षा कमी, तो भाग बाहेरच्या सप्लायचा. पण २१२ आणि २०३ मधले ९ व्होल्ट घरातच गेले होते. हेच दोन हिशेब आता वायरिंगला लावा. ९ भागिले ७.७ म्हणजे १.१७ ओहम. ९ गुणिले ७.७ म्हणजे ६९ वॅट.

वायर किती खाते? १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम. डीबीपासून गिझर १५ मीटर, जाऊन येऊन ३० मीटर, म्हणजे ०.३६ ओहम. उरलेले ०.८ ओहम कुणाचे? ०.८ गुणिले ७.७ गुणिले ७.७, म्हणजे कुठल्यातरी जोडात ४७ वॅटची उष्णता. साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं; तशी जवळजवळ दोन त्या एका जागी तापत होती.

सप्लाय बंद करून सॉकेटची प्लेट सोडवली. न्यूट्रलचा स्क्रू ढिला, त्याभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं, वायरीचं इन्सुलेशन बोटाने चुरलं तर कुरकुरीत तुटत होतं. आणि एमसीबीने चकार शब्द काढलेला नव्हता. काढणार कसा? त्याला फक्त ७.७ अँपिअर दिसत होते, ठरलेल्यापेक्षाही कमी. करंटची गळती पकडणाऱ्या आरसीसीबीलाही काही दिसलं नाही, कारण गळती नव्हतीच. ढिला जोड या दोघांनाही दिसत नाही, म्हणून मी हे मोजायचा एवढा आग्रह धरतो. वायर जळकी टोकं कापून नव्या १६ अँपिअरच्या सॉकेटला कसली, आणि टर्मिनलवर २०९ व्होल्ट आले.

मल्टिमीटरने थेट ओहम मोजायचे असतील तर सप्लाय बंद, पिन बाहेर. गिझर, इस्त्री, शेगडी यांच्या कॉईलला हे जमतं, कारण ती तापल्यावर रोध फारसा बदलत नाही. जुन्या पिवळ्या बल्बला जमत नाही: १०० वॅटचा बल्ब गार असताना ४० ओहमच्या आसपास दाखवतो, पेटल्यावर तोच ५२९ ओहमचा होतो.

पाण्याच्या मोटारीला तर हा हिशेब जसाच्या तसा लावूच नका. २३० व्होल्टला ६ अँपिअर घेणाऱ्या मोटारीचा गुणाकार १३८० येतो, पण पॉवर फॅक्टर, म्हणजे त्या गुणाकारातला खऱ्या वॅटचा हिस्सा, ०.८५ असेल तर खरे वॅट ११७३. आणि २३० भागिले ६ करून आलेले ३८ ओहम हा वाइंडिंगचा रोध नव्हे. तो बंद मोटारीवर मीटर लावूनच मोजायचा, आणि बराच कमी भरतो.